घरात पिसवा झाल्यात? आधी दिवाणाखाली वाका

गेल्या दिवाळीत आम्ही बारा दिवस वरुडला माझ्या माहेरी होतो. भुऱ्या, आमचा कुत्रा, सोबत होता आणि मनीला, आमच्या मांजरीला, शेजारच्या काकू त्यांच्याच अंगणात खायला देत होत्या, म्हणजे नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरात बारा दिवस चिटपाखरू नाही. परत आलो, कुलूप उघडलं, बॅगा हॉलमधे टेकवल्या आणि पाच मिनिटांत नवऱ्याच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत काळे ठिपके. तीळ सांडावे तसे, फक्त हे तीळ उड्या मारून राहिले होते. सासूबाई दारातूनच मागे फिरल्या, "म्हणलं होतं ना तुले, कुत्र्याले बाहेर बांध."

पण कुत्रा तर आमच्यासोबत वरुडला होता ना! मग बंद घरात एवढ्या पिसवा आल्या कुठून, आणि बारा दिवस रक्ताचा थेंब न मिळता मेल्या काहून नाहीत?

याचं उत्तर कळलं की अर्धं काम झालं, म्हणून औषधांच्या आधी तेच सांगते. पिसूची मादी एकदा कुत्र्या-मांजराच्या अंगावर चढली की दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ही अंडी गुळगुळीत असतात, उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटून बसत नाहीत, त्यामुळे जनावर जिथं लोळलं, जिथं झोपलं, जिथं अंग झटकलं तिथं मीठ शिंपडल्यासारखी सांडतात. त्यातून अळी निघते, तिला उजेड बिलकुल चालत नाही, ती सरळ फरशीच्या फटीत, सोफ्याच्या खाचेत, दिवाणाखालच्या धुळीत घुसते आणि तिथं मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते (ती विष्ठा म्हणजे तुमच्या कुत्र्याचंच पचलेलं रक्त). मग ती कोष करते. कोष चिकट असतो, त्याला धूळ लागते आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो, फवारलेलं औषध पण त्याच्या आत नीट पोचत नाही. आणि खरी गंमत अशी की आत पिसू पूर्ण तयार झाली तरी ती लगेच बाहेर येतेच असं नाही, महिनोन्महिने तशीच दबा धरून बसू शकते. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साईड जाणवला की तिला कळते जेवण आलं. आम्ही बॅगा आपटल्या आणि सगळ्या एकदम उठल्या.

जनावराच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात त्या सगळ्या गोतावळ्याच्या साधारण ५ टक्के धरतात. बाकीचा माल अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात पडलेला असतो. म्हणून कुत्र्याला आंघोळीवर आंघोळ घालणारे लोक रडतात की आठ दिवसांनी पुन्हा झाल्या. पुन्हा नाही झाल्या हो, आधीच्याच वर आल्या.

आता आपल्या नागपूरचं म्हणाल तर इथं लोकांना वाटते की ४५-४६ डिग्रीत काय जगणार. उघड्यावर नाहीच जगत, कोरड्या हवेत अंडी आणि अळ्या सुकून जातात, नवतप्यात (मेच्या शेवटचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) गच्चीच्या स्लॅबवर तर प्रश्नच नाही. पण आपण मार्चमधे कूलर काढतो ना! खोलीत दिवसरात्र ओली गार हवा, कूलरच्या ताट्यांमधून पाणी टिपकून राहिलं, त्याच्यासमोर कुत्र्याचं पोतं टाकलेलं. पिसूच्या अळीला यापेक्षा बरं सासर मिळणार नाही, बाहेर सगळं भाजून निघत असताना घरातल्या घरात तिची पिढी टिकते आणि जूनच्या मधात पाऊस लागला की दणक्यात वाढते. ऊबदार दमट हवेत अंड्यापासून मोठ्या पिसूपर्यंतचा सगळा फेरा तीन-चार आठवड्यांत होऊ शकतो, त्यामुळे पोळा येईपर्यंत ऐन जोर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सगळे ओरडतात "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत", मी दरवर्षी मनातल्या मनात त्यात पिसवा पण टाकते. कुत्र्याला कूलरसमोरून उठवू नका, उन्हाळ्यात त्याचा जीव जाईल, फक्त त्याचं अंथरूण ओलं राहू देऊ नका आणि आठवड्यातून एकदा उन्हात टाका.

पिसूच आहे का ते आधी पाहा

अर्ध्या लोकांना गोचीड आणि पिसू यातला फरक माहीत नसतो. गोचीड कातडीला तोंड रुतवून एका जागी चिकटून बसते, फुगते, कानात नाहीतर बोटांच्या बेचक्यात सापडते. पिसू बारीक, तपकिरी-काळी, अंगानं चपटी, केसांतून सुळकन पळते आणि चिमटीत धरायला गेलं की उडते. बहुतेक वेळा पिसू दिसतच नाही, तिची घाण दिसते, शेपटीच्या बुडाशी आणि पोटाला काळ्या रव्यासारखे कण.

बारीक दातांची फणी घ्या, उवांची स्टीलची असते ती पण चालते. बाजूला एका वाटीत पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. कमरेपासून शेपटीकडे फणी कातडीला टेकवून ओढा. जे निघेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि एक मिनिट थांबा. माती असली तर काळीच राहील. पिसूची घाण असली तर कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरतो, गेरू भिजवल्यासारखा, कारण ते रक्तच आहे. फणीत जिवंत पिसू आली तर तिला नखानं चिरडत बसू नका, तिचं कवच कडक असते आणि ती सुटतेच, फणी सरळ वाटीत बुडवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगत राहते, साबण असला की बुडते.

घराची तपासणी याच्याहून सोपी. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचे आणि दहा मिनिटं दिवाणाजवळ, सोफ्याजवळ, पायदानावर पाय घासत फिरायचं. आम्ही त्या दिवाळीनंतर फिरलो तेव्हा माझ्या डाव्या मोज्यावर अकरा होत्या, मुलीनं मोजल्या, तिला मजा येऊन राहिली होती.

औषध, आणि माझी चूक

घरात जितकी कुत्री-मांजरं आहेत तितक्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. खाजवून राहिलं त्यालाच नाही, सगळ्यांना. मांजर अंग चाटून पिसवा गिळून टाकते म्हणून तिच्यावर दिसत नाहीत, पण असतात. आपल्याकडे कुत्र्या-मांजरावर बहुतेक एकच जात सापडते, तिला नाव जरी मांजराची पिसू असं असलं तरी ती भेदभाव करत नाही.

मानेवर टाकायचे थेंब मिळतात, त्यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन अशी औषधं असतात आणि ती मांजरासाठीच्या वेगळ्या पॅकमधे पण येतात. कुत्र्यांसाठी खायच्या गोळ्या आहेत, अफॉक्सोलानेरची महिनाभर चालते, फ्लुरालानेरची साधारण १२ आठवडे. गोळी चांगली, आंघोळीनं धुतली जात नाही, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, या गटातल्या औषधांनी फिटचा त्रास होऊ शकतो. सगळं वजनावर असते. वजन करायचं कसं, तर घरचा काटा, आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी. मोठ्या कुत्र्याचं एक पॅक आणून दोन लहान कुत्र्यांमधे वाटायची आयडिया डोक्यातून काढून टाका. आणि घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्यावर बिलकुल नाही.

आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, रविवार होता, नेहमीचे डॉक्टर बंद, एका दुकानातून भुऱ्यासाठी थेंब आणले आणि विचारलं की मांजरीला? दुकानदार म्हणाला, "अर्धं टाका, चालते." मी टाकलं. चारेक तासांनी मनीचे कान फडफडायला लागले, मग मागच्या पायांना कापरं, चालताना असे पाय उचलायची जशी तापलेल्या स्लॅबवर चालून राहिली, आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे काळेच दिसत होते. पॅकवर बारीक अक्षरात परमेथ्रिन लिहिलेलं होतं. कुत्र्याला ते चालते, मांजराच्या लिव्हरला ते मोडून बाहेर टाकता येत नाही, अर्धं काय नि पाव काय, मांजर मरू शकते. आम्ही तिला कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या लिक्विडनं मानेवरून धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पॅकसकट डॉक्टर शोधत निघालो, दोन दिवस सलाईन आणि झटके थांबवायची इंजेक्शनं चालली तेव्हा वाचली. काकूंनी तूप चाटवा म्हटलं होतं. नका चाटवू, अशा वेळी तूप, दूध, तेल काहीच नाही, फक्त धुवा आणि पळा.

तेव्हापासून घरात परमेथ्रिनवालं काहीच येत नाही, कारण कुत्र्याला लावलं तरी मनी त्याच्याच पोटाशी झोपते आणि त्याला चाटते. गुरांच्या गोचीडांचं औषध गावाकडून कोणी बाटलीत भरून आणून देईल, प्रेमानं देईल, ते पण नाही, त्याचं प्रमाण गायीच्या हिशोबाचं असते.

थेंब टाकायची जागा म्हणजे डोक्याच्या मागे, मानेच्या सुरुवातीला, जिथं जनावराची जीभ पोचत नाही. केस दोन बाजूंना करा, गुलाबी कातडी दिसली पाहिजे, तिथंच टाका. केसांवर टाकलं तर पैसे केसांवरच वाळतात. थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, औषध अंगाच्या तेलकटपणातून पसरते आणि शाम्पूनं तोच निघून जातो.

कुत्र्याला आंघोळ घालायचीच असेल तर पहिले गळ्याभोवती फेसाचा पट्टा करा. अंगावर पाणी पडलं की पिसवा डोक्याकडे धावतात, कानात आणि डोळ्यांजवळ घुसतात, पट्ट्यात अडकतात. फेस पाच-दहा मिनिटं राहू द्या. पण आंघोळीचा असर आंघोळीपुरताच, दुसऱ्या दिवशी दिवाणाखालून नवीन येणार. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना फक्त फणी, आणि औषधाचं डॉक्टरांना विचारून. मांजराच्या लहान पिल्लावर खूप पिसवा असल्या तर रक्त इतकं कमी होते की पिल्लू दगावते. ओठ वर करून हिरडी पाहा, गुलाबी पाहिजे, पांढरट दिसली तर तो दिवस पण थांबू नका. आपल्या सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं जनावरांचा दवाखाना आहे, कोणीच सापडत नसेल तर ते लक्षात ठेवा.

औषध टाकल्यावर तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, पिसवा दिसत राहतात, आणि इथंच लोक म्हणतात औषध फेल गेलं. फेल नाही गेलं, कोषातल्या बाहेर येऊन राहिल्या, कुत्र्यावर चढतात आणि मरतात. तुमचा कुत्रा आता पिसू पकडायचा चालता फिरता सापळा आहे असं समजा. म्हणूनच त्याला बाहेर बांधून ठेवायचं नाही, घरभर फिरू द्यायचं (हे सासूबाईंना पटवायला मला पंधरा दिवस लागले). कमीत कमी तीन महिने औषधात खंड नको.

घर

फर्निचर हलवा. खरंच हलवा, फक्त समोरून झाडू मारून नाही होत. आमचा दिवाण दोन वर्षं भिंतीपासून सरकला नव्हता, सरकवला तर मागे धूळ, मुलीचे रबरबँड, भुऱ्याचे केस आणि त्या धुळीत बारीक पांढरट वळवळणाऱ्या अळ्या, दोनेक मिलिमीटरच्या, उजेड पडताच आत घुसायला लागल्या. व्हॅक्युम क्लीनर असेल तर उत्तम, तो अंडी आणि बऱ्याच अळ्या ओढतो आणि त्याच्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा पण जाग्या होतात, म्हणजे औषध लावलेल्या कुत्र्याच्या तावडीत येतात. पहिले दोन आठवडे रोज करा, मग दिवसाआड. आतला कचरा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचरागाडीत, घरात ठेवला तर परत चढतात. व्हॅक्युम नसेल तर फटींमधून जुन्या टूथब्रशनं धूळ काढा, कचरा ओल्या फडक्यानं उचला, आणि फटी सिमेंटनं बुजवून टाका, महालाकडच्या जुन्या घरांमधे तर हे आधी करा.

पोतं, गोधडी, सतरंजी, सोफ्याची कव्हरं, पायदान, सगळं आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, ६० डिग्रीच्या आसपास, आणि मग कडक उन्हात. कपडे नेताना घडी करून उचला, झटकत नेलं तर अंडी रस्ताभर सांडतात. पोतं जुनं असेल तर धुतच बसू नका, फेकून द्या.

फवारणी करायची असेल तर अशा औषधाची करा ज्यात अळीची वाढ थांबवणारं मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन आहे, नुसत्या मोठ्या पिसवा मारून काही हाती लागत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनवरच सांगा की घरात मांजर आहे, माशांचा टँक आहे, आणि कोणतं औषध आणणार ते लिहून घ्या. फरशी पूर्ण वाळेपर्यंत माणसं, जनावरं सगळे बाहेर. मुंग्या-झुरळांच्या खडूनं दिवाणाभोवती रेघोट्या मारणारे पण पाहिलेत मी, पिसू उडी मारून जाते आणि मांजर त्यावर लोळून पंजे चाटते, म्हणजे नुकसान फक्त आपलंच.

अंगणात पूर्ण उन्हाच्या जागेत पिसवांना काही राम नाही. सावलीच्या ओलसर जागा पाहा, जिन्याखाली, कूलरच्या स्टँडखाली, कुंड्यांच्या मागे, लाकडं रचलेली असतात तिथं, आणि जिथं गल्लीतली मांजरं येऊन झोपतात तिथं. पालापाचोळा काढला, ऊन येऊ दिलं तरी बराच फरक पडतो. उंदीर असतील तर त्यांचा बंदोबस्त पण करा.

घरगुती उपायांचं काय

कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं कुत्र्याला धुतलं तर कुत्र्याला बरं वाटत असेल, पिसवांचा निकाल त्यानं लागत नाही. बाकीचे उपाय मात्र नुसते निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. खोबरेल तेलात कापूर घालून चोळतात, जनावर ते चाटते आणि कापूर विषारी आहे. डांबरगोळ्या अंथरुणात ठेवतात, त्या पण. रॉकेल, फिनाईल, तंबाखूचं पाणी, टी ट्री ऑइल, एकही नाही. लसूण खाऊ घालतात रक्ताला वास यावा म्हणून, त्यानं कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि आपला खास नागपुरी उपाय, संत्र्याची सालं उकळून शिंपडणं. सालीतलं तेल पिसवांना मारते म्हणतात, पण तेच तेल मांजरालाही बाधते. संत्री खा, सालं कुंडीत टाका.

माणसाच्या अंगावर पिसू घर करत नाही, चावून निघून जाते, बहुतेक घोट्याजवळ, दोन-तीन लाल पुळ्या ओळीनं. बर्फ, कॅलामाईन, खाजवायचं नाही. ताप आला तर मात्र डॉक्टरला दाखवा. २०१८ च्या पावसाळ्यात इथं स्क्रब टायफसच्या केसेस झाल्या तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी कुत्र्यांकडेच बोट दाखवलं होतं, तो गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होतो, पिसवांमुळे नाही.

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या ढुंगणाजवळ, नाहीतर अंथरुणात, भाताच्या वाळक्या शितासारखं काही दिसलं तर तो पट्टकृमीचा तुकडा असू शकतो. पिसू गिळली की तो पोटात जातो, म्हणून पिसवांसोबत जंताचं औषध पण विचारा, आणि विचारताना पट्टकृमी असं नाव घेऊनच विचारा, कारण जंताची सगळीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. आणि एखाद्या कुत्र्याच्या शेपटीच्या वर कमरेला केस जाऊन कातडी लाल झाली असेल तर त्याला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असू शकते, अशाला चार चावे पुरतात, त्याचं औषध थंडीत पण बंद करू नका.

आमच्याकडे दिवाळीनंतर तीन महिने हे सगळं केलं. डिसेंबरच्या शेवटी मोज्यावर दोन आल्या, जानेवारीच्या संक्रांतीनंतर एकही नाही. औषधाच्या तारखेला आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल असतो. भुऱ्याची गोळी आलूबोंड्याच्या आतल्या आलूत लपवून द्यायची गरज पडत नाही, तो तशीच खातो. मनीला मात्र पॅक फाडल्याचा आवाज कळतो आणि ती दिवाणामागे जाऊन बसते, म्हणून मी पॅक सकाळीच बाहेर गच्चीवर फाडते, पिपेट (थेंबांची बारीक नळी) खिशात ठेवते, आणि ती संध्याकाळी वाटीत तोंड घालून मासे खात असली की मागून केस बाजूला करून टाकून देते. तिला कळते तोवर झालेलं असते, मग दोन तास माझ्याकडे पाठ करून बसते.